मानद खुर्चीच्या शेजारी

जानेवारी १९५९. वेस्ट इंडिजविरुद्धची मद्रासची कसोटी दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची होती आणि आदल्या रात्री भारताच्या कर्णधाराने राजीनामा देऊन टाकला. भांडण एका जागेचं होतं. विजय मांजरेकर जायबंदी. त्यांच्या जागी फलंदाजच हवा, मनोहर हर्डीकरांना घ्या, असं कर्णधाराचं म्हणणं. क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष रतिभाई पटेल यांना मात्र ऑफस्पिनर जसू पटेल हवे होते. अध्यक्षांपुढे कर्णधाराचं काय चालणार? मग कर्णधारपदच नको, असं म्हणून गडी मोकळा झाला. त्या मालिकेत पाच कसोट्यांना भारताने चार कर्णधार वापरले: उमरीगर, गुलाम अहमद, विनू मांकड आणि हेमू अधिकारी. मालिका ३-० अशी गेली, हे वेगळं सांगायला नको.

राजीनामा देणारे होते पहलान रतनजी उमरीगर, म्हणजे पॉली उमरीगर. जन्म २८ मार्च १९२६, सोलापूर. पुढे हेच उमरीगर त्याच मंडळाचे संघ-व्यवस्थापक झाले, राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले आणि शेवटी मंडळाचे कार्यकारी सचिव झाले. ज्या दारातून रागाने बाहेर पडले, त्याच दारातून आत जाऊन टेबल सांभाळत बसले. त्यांच्या धावांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. त्या टेबलाबद्दल कुणी फारसं बोलत नाही, आणि मंडळाची वाटचाल सांगायची तर माझ्या मते ती त्या टेबलावरूनच नीट दिसते.

सोलापूरकराला गावची थोर माणसं विचारा. चार हुतात्म्यांपासून सुरुवात होईल, मग गिरण्या, चादरी, शेंगाचटणी, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा. उमरीगरांचं नाव यायला वेळ लागतो. त्याला कारणही आहे. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागला तेव्हा ते जेमतेम चार वर्षांचे होते. वडिलांचा कपड्यांचा धंदा होता. गिरणगावात तो असणं स्वाभाविकच. पण शाळेच्या वयातच कुटुंब मुंबईला गेलं आणि पुढचं सगळं क्रिकेट तिकडे घडलं. अठराव्या वर्षी पारशी संघातून मुंबईची पंचरंगी स्पर्धा, सेंट झेवियर्स कॉलेज, विद्यापीठाचा संघ, आणि १९४८ मध्ये वेस्ट इंडिजच्या पाहुण्या संघाविरुद्ध संयुक्त विद्यापीठांकडून नाबाद ११५. गाव सुटलं ते सुटलंच.

खेळाडू म्हणून त्यांचा हिशेब थोडक्यात असा: ५९ कसोट्या, ३६३१ धावा, १२ शतकं, ३५ बळी. १९६२ मध्ये निवृत्त झाले तेव्हा सर्वांत जास्त कसोट्या, सर्वांत जास्त धावा आणि सर्वांत जास्त शतकं हे तिन्ही भारतीय विक्रम त्यांच्या नावावर होते. १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ केल्या, ते भारताकडून कसोटीतलं पहिलं द्विशतक. पुढच्याच कसोटीत मांकडांनीही नेमक्या २२३ केल्या. नियतीलाही कधीकधी कार्बन पेपर वापरायची हौस येते.

पण मला या हिशेबातल्या दोन नोंदी जास्त महत्त्वाच्या वाटतात. पहिली फेब्रुवारी १९५२ ची. भारताने कसोटी क्रिकेटमधला पहिला विजय मिळवला तो मद्रासला, इंग्लंडविरुद्ध, एक डाव आणि आठ धावांनी. मांकडांनी दोन डावांत मिळून बारा बळी घेतले. उमरीगरांनी नाबाद १३० केल्या. त्या सामन्यात ते खेळणारच नव्हते. हेमू अधिकारी जायबंदी झाले आणि जागा रिकामी झाली. दुसरी नोंद त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्याची. काउंटी संघांविरुद्ध खोऱ्याने धावा, दौऱ्यात एकूण १६८८; आणि कसोट्यांत वेगवान गोलंदाज ट्रूमनपुढे सात डावांत मिळून ४३. एकाच माणसाने सहा महिन्यांत निवडीचा जुगार दोन्ही बाजूंनी पाहिला. पुढे निवड समितीच्या खुर्चीत बसणाऱ्याला याहून चांगली शिकवणी कुठली मिळणार?

आता मंडळाकडे वळू. नियामक मंडळ डिसेंबर १९२८ मध्ये स्थापन झालं. पहिले अध्यक्ष ग्रँट गोवन, सचिव अँथनी डी मेलो. राजेरजवाडे, उद्योगपती, बडे सरकारी अधिकारी आणि मग राजकारणी अशी खुर्चीची परंपरा पडली. खेळाडू अगदीच नव्हते असं नाही. विजयनगरमचे महाराजकुमार कर्णधारही होते आणि १९५४ ते १९५६ अध्यक्षही. पण ते आधी महाराजकुमार होते, खेळाडू नंतर. मैदानात घाम गाळलेल्या माणसाला मंडळात जागा मिळायची ती व्यवस्थापक म्हणून, निवडकर्ता म्हणून, नाहीतर कार्यालयात. धोरण वरचे ठरवणार, दौरा खालचे निभावणार.

व्यवस्थापकाचं काम म्हणजे काय, ते उमरीगरांना १९७५-७६ मध्ये कळलं. न्यूझीलंड आणि वेस्ट इंडिज असा जोडदौरा, कर्णधार बिशनसिंग बेदी. एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला चौथ्या डावात ४०३ धावा हव्या होत्या. भारताने चार गडी गमावून ४०६ केल्या. गावसकर, विश्वनाथ यांची शतकं, मोहिंदर अमरनाथच्या ८५. हेच ते मैदान, जिथे १९६२ मध्ये उमरीगरांनी एकाच कसोटीत ५६, नाबाद १७२ आणि १०७ धावांत ५ बळी अशी कामगिरी केली होती आणि तरीही भारत हरला होता. ती अख्खी मालिका ५-० गेली. तेव्हाचे छत्तीस वर्षांचे उमरीगर एकवीस वर्षांच्या पतौडीच्या हाताखाली खेळत होते, कारण कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर बार्बाडोसला डोक्यावर चेंडू लागून जिवावरच्या दुखण्यात पडले होते. कॉन्ट्रॅक्टरांसाठी ज्यांनी रक्त दिलं त्यांत फ्रँक वॉरेल होते, चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी होते, आणि उमरीगरही.

म्हणून १९७६ चं पुढचं ठिकाण लक्षात ठेवायचं. किंग्स्टन, सबिना पार्क. उमरीगर स्वतः शेवटची कसोटी याच मैदानावर खेळले होते. पोर्ट ऑफ स्पेनचा पराभव वेस्ट इंडिजच्या जिव्हारी लागला होता आणि होल्डिंगसारखे गोलंदाज हाताशी होते. अंशुमन गायकवाड ८१ वर खेळत असताना चेंडू कानावर बसला. ब्रिजेश पटेलच्या तोंडावर लागला. विश्वनाथचं बोट मोडलं. बेदीने पहिला डाव ६ बाद ३०६ वर सोडून दिला. दुसऱ्या डावात भारताची धावसंख्या ९७ आणि पाच जण फलंदाजीला उतरूच शकले नाहीत. दौऱ्यावरचे सतराच्या सतरा खेळाडू त्या सामन्यात क्षेत्ररक्षणाला येऊन गेले, म्हणजे जो उभा राहू शकत होता तो मैदानात गेला. अशा वेळी व्यवस्थापक म्हणजे इस्पितळात कुणाला पाठवलं, कोण परत आलं, उद्या कुणाला उभं करायचं याचा हिशेब ठेवणारा माणूस. चौदा वर्षांपूर्वी बार्बाडोसला स्वतःच्या दंडातून रक्त काढून दिलेला माणूस तो हिशेब ठेवत होता. यात नाट्य शोधायला जावं लागत नाही.

१९७७-७८ मध्ये ते पुन्हा व्यवस्थापक, या वेळी ऑस्ट्रेलियात. माध्यमसम्राट केरी पॅकरने आपल्या खासगी स्पर्धेसाठी ऑस्ट्रेलियाचे बरेचसे खेळाडू पळवले होते आणि एक्केचाळीस वर्षांचे बॉब सिम्पसन निवृत्तीतून परत येऊन कर्णधार झाले होते. मेलबर्न आणि सिडनी आपण जिंकलं. अॅडलेडला ४९३ चा पाठलाग करत ४४५ पर्यंत पोचलो आणि मालिका ३-२ अशी निसटली. क्रिकेटमध्ये खरा पैसा येऊ शकतो, आणि आला की मंडळांची झोप उडते, हे त्या दौऱ्यात जवळून दिसलं.

मग १९७८ ते १९८२ निवड समितीचं अध्यक्षपद. ही खुर्ची सर्वांत वाईट. जिंकलं तर खेळाडू, हरलं तर निवड समिती. त्या काळात संघात आलेली नावं पाहा: रॉजर बिन्नी १९७९ मध्ये, संदीप पाटील १९८० मध्ये, श्रीकांत १९८१ मध्ये, आणि फेब्रुवारी १९८१ मध्ये ऐन दौऱ्यात न्यूझीलंडला बोलावून घेतलेला अठरा वर्षांचा रवी शास्त्री. पहिल्या तिघांनी १९८३ चा विश्वचषक हातात धरला आणि शास्त्रीही त्या संघात होता. पण मला त्यांचं पुढचं आयुष्य जास्त गमतीचं वाटतं. श्रीकांत २००८ ते २०१२ निवड समितीचे अध्यक्ष, त्यांच्यामागून पाटील अध्यक्ष, आणि बिन्नी २०२२ मध्ये थेट मंडळाचे अध्यक्ष. उमरीगरांच्या समितीने निवडली ती मुलं एक एक करून त्या दारातून आत आली. फरक एवढाच की दार तोवर बरंच रुंद झालं होतं.

आता ते टेबल. मंडळात सचिवपद मानद. मानद सचिव त्याच्या गावी राहायचा आणि मंडळ त्याच्यामागे जायचं. जयवंत लेले सचिव असताना पत्र बडोद्याहून निघायचं. एस. के. नायर यांच्या काळात मंडळाचा पत्ता तिरुअनंतपुरमचा होता. जगातली सर्वांत श्रीमंत होऊ घातलेली क्रिकेट संस्था, आणि तिचं मुख्यालय सचिव बदलला की बदलणार! हलत नव्हतं ते मुंबईतलं टेबल, ब्रेबोर्न स्टेडियममधलं. मानद खुर्चीच्या शेजारची ही कार्यकारी सचिवाची खुर्ची. इथे अधिकार कमी आणि कागद जास्त. रणजी, दुलीप, इराणीचं वेळापत्रक लावायचं. पंच कुणाला कुठे पाठवायचे ते पाहायचं. राज्य संघटनांची पत्रं, खेळाडूंच्या नोंदण्या, पाहुण्या संघाची तिकिटं आणि हॉटेलं, सराव सामना कुठे, चेंडू किती. ट्रंककॉल लागत नसेल तर तार. तारीख चुकली तर अमक्या संघटनेचा फोन, आणि तोही असा की जणू मुलीच्या लग्नाची तारीख चुकली. हे काम करायला प्रशासनाची पदवी लागत नाही. फोनवर पलीकडचा सचिव कुठल्या मैदानाबद्दल बोलतोय ते डोळ्यांपुढे यावं लागतं. ज्याने पंधरा वर्षं देशभर रेल्वेने फिरून क्रिकेट खेळलंय त्याला ते येतं.

उमरीगरांनी ही खुर्ची सांभाळली. मुंबई क्रिकेट संघटनेचं सचिवपदही त्यांच्याकडे होतं. मुंबईच्या वर्तुळात ते एव्हाना पॉलीकाका झाले होते. आणि या सगळ्याच्या जोडीला वानखेडेची खेळपट्टी.

वानखेडे उभं राहिलं तेच मुळी एका भांडणातून. ब्रेबोर्न क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, सामने मुंबई संघटनेचे, तिकिटं किती कुणाला यावरून वाद. संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी क्लबपासून हाकेच्या अंतरावर तेरा महिन्यांत दुसरं स्टेडियम बांधून दाखवलं. जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी, वेस्ट इंडिजशीच, आणि क्लाइव्ह लॉइडच्या नाबाद २४२. पण स्टेडियम राजकारण्याने बांधलं तरी खेळपट्टी राजकारण्याच्या हुकुमाने होत नाही. वानखेडेची माती लाल. पाणी मारलं, रोलर फिरवला, पुन्हा पाणी, आणि मग वाट पाहायची. समुद्र जवळ असल्याने सकाळी दमट हवा, दुपारी रखरखीत ऊन. किती पाणी आत गेलं हे वरून कळत नाही. अंगठा दाबून बघावं लागतं, चावीचं टोक खुपसून बघावं लागतं. थोडी जास्त ओल राहिली तर पहिल्या तासात चेंडू उसळतो, थोडी कमी पडली तर तिसऱ्या दिवशी पोपडे निघतात. सोलापूरची जमीन काळी. उन्हाळ्यात भेगा पडून हात आत जाईल अशी. उमरीगरांचं उरलेलं आयुष्य लाल मातीवर ओणवं होण्यात गेलं. सहा फुटांपेक्षा उंच, वेस्ट इंडिजमध्ये माडाच्या झाडांवर चेंडू टोलवणारा म्हणून ज्याचा लौकिक, तो माणूस माळ्यांबरोबर सकाळी सकाळी खेळपट्टीवर वाकलेला.

सचिवाच्या टेबलावर बसलेल्याने खेळपट्टीही बघावी, हे आज ऐकायला विचित्र वाटेल. आज त्या दोन कामांच्या मध्ये कित्येक खाती आहेत. तेव्हा नव्हती, कारण पैसा नव्हता. १९८३ चा विश्वचषक जिंकला तर खेळाडूंना बक्षीस द्यायला मंडळाकडे रक्कम नव्हती. लता मंगेशकरांचा दिल्लीत कार्यक्रम झाला आणि त्यातून प्रत्येकाला लाख रुपये मिळाले. १९९३ पर्यंत सामना दाखवायचा म्हणून मंडळालाच दूरदर्शनला पैसे मोजावे लागत. त्या वर्षी मंडळाने परदेशी कंपनीला हक्क विकले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये निकाल लागला: रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी नाही. त्या निकालानंतर पैशाचे दरवाजे उघडले ते उघडलेच.

टेबलाचंही नशीब त्याबरोबर बदललं. उमरीगरांनंतर काही वर्षांनी त्याच कार्यकारी सचिवाच्या खुर्चीत मुंबईचे जुने ऑफस्पिनर शरद दिवाडकर बसले. पुन्हा खेळाडूच. नंतर विल्सन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेले प्राध्यापक रत्नाकर शेट्टी मुख्य प्रशासकीय अधिकारी झाले. २००६ च्या सुमारास मंडळाचं कार्यालय वानखेडेच्या आवारात, क्रिकेट सेंटर या स्वतःच्या इमारतीत आलं, आणि मुख्यालयाचं गावोगाव फिरणं थांबलं. २०१६ मध्ये राहुल जोहरी मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून आले, ते वाहिनीच्या धंद्यातून. खुर्ची तीच म्हणायची तर म्हणा. आता तिला पगार होता, काचेची केबिन होती, आणि तिच्यावर बसणाऱ्याला खेळपट्टीत चावी खुपसायची गरज नव्हती.

त्याच वर्षी मंडळाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती लोढा समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केल्या. मंडळात निवृत्त खेळाडूंचे प्रतिनिधी असलेच पाहिजेत, असं त्यात होतं. २०१९ मध्ये सौरव गांगुली अध्यक्ष झाले तेव्हा सर्वोच्च परिषदेवर खेळाडूंचे प्रतिनिधी म्हणून शांता रंगास्वामी आणि अंशुमन गायकवाड बसले. हो, तेच गायकवाड, किंग्स्टनला कानावर चेंडू बसलेले. १९५९ मध्ये कर्णधाराला एका फलंदाजाच्या जागेसाठी राजीनामा द्यावा लागला होता. खेळाडूला मत द्यायचा कायदेशीर हक्क मिळायला साठ वर्षं लागली, आणि तीही न्यायालयाच्या रेट्याने.

उमरीगर ७ नोव्हेंबर २००६ ला मुंबईत गेले. त्यानंतर मंडळाने वर्षातल्या सर्वोत्तम आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूच्या पुरस्काराला त्यांचं नाव दिलं. २००६-०७ चा पहिला पुरस्कार सचिन तेंडुलकरला. पुढे सेहवाग, गंभीर, द्रविड, कोहली, अश्विन, बुमराह, गिल. ज्या मंडळाच्या अध्यक्षापुढे न झुकता कर्णधारपद सोडलं, त्या मंडळाचा मानाचा पुरस्कार! मद्रासच्या त्या रात्रीबद्दल मंडळाने दिलगिरी म्हणून हे केलं असं मी म्हणत नाही. मंडळं दिलगिरी व्यक्त करत नसतात. आणि एक सांगायचं राहिलं: डिसेंबर १९५९ मध्ये कानपूरला ऑस्ट्रेलियाला भारताने पहिल्यांदा हरवलं, ते जसू पटेलांनी पहिल्या डावात ६९ धावांत ९ आणि सामन्यात १४ बळी घेतले म्हणून. दुसऱ्या डावात दुसऱ्या बाजूने २७ धावांत ४ बळी घेतले ते उमरीगरांनी. अध्यक्षांचा माणूस अगदीच वाईट नव्हता. उमरीगरांना हे बावीस यार्डांवरून दिसलं असणार.

जानेवारी २०२४ मध्ये सोलापूरच्या पार्क स्टेडियमवर, म्हणजे कागदोपत्री इंदिरा गांधी स्टेडियमवर, महाराष्ट्र आणि मणिपूर यांचा रणजी सामना झाला. सामना कुठे, कोणत्या तारखेला, पंच कोण, असा कागद मंडळाच्या कचेरीतून निघतो, पूर्वी ब्रेबोर्नच्या त्या टेबलावरून निघायचा तसाच. त्या कागदावर सोलापूरचं नाव होतं. सोलापूर येतं महाराष्ट्र संघटनेच्या हद्दीत. उमरीगर रणजी खेळले ते मुंबईकडून, मध्ये काही हंगाम गुजरातकडून. जन्मगावी रणजी खेळायची वेळ आली असती तर पॉलीकाकांना पाहुण्या संघाच्या तंबूत बसावं लागलं असतं.